मदत हवी आहे: छोटा ट्रॅक्टर, तीनशे फुटांचा खडीचा ड्राइव्हवे आणि कमरेला लागणारा बर्फ

रानजाई

नमस्कार मंडळी,

सिरॅक्यूजच्या उत्तरेला, ओंटारिओ सरोवर आणि टग हिल पठार यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही या उन्हाळ्यात घर घेतलं. आधी शहरात दोन गाड्यांपुरता ड्राइव्हवे होता, फावड्यावर भागायचं. इथे घर रस्त्यापासून साधारण तीनशे फूट आत आहे. ड्राइव्हवे दहा फूट रुंद, खडीचा. रस्त्याकडचा भाग सपाट, पुढे घरापर्यंत चढ. पश्चिमेला शेजाऱ्यांचं मक्याचं मोकळं शेत, पूर्वेला आमची झाडं.

घराबरोबर जुन्या मालकांचा ट्रॅक्टर मिळाला. कुबोटाचा सगळ्यात लहान गटातला, पंचविसेक हॉर्सपॉवरचा, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता पेडलने चालणारा). पुढे लोडरला (उचलणाऱ्या हातांना) चार फुटी बकेट, मागे पाच फुटी पातं. टायरवर आर-४ असं लिहिलंय. पोटाखाली गवत कापायचा डेक आहे.

सहा-आठ इंच पडलं की मागच्या पात्याने मस्त काम होतं, मला तर आवडायलाच लागलं होतं. पण शुक्रवारपासून दोन फुटांच्या वर पडलंय आणि शेताच्या बाजूने वाऱ्याने जे आणून टाकलंय ते कमरेला लागतं. आता ट्रॅक्टर थोडा पुढे जातो, मग चारही चाकं जागच्या जागी फिरतात. बकेट भरून उचलली की मागची चाकं हलकी होतात आणि चढावर तर सरळ घसरायला लागतो. कडेला जे ढीग लावलेत ते इतके उंच झालेत की नवीन बर्फ टाकायला जागा नाही.

गुरुवारी पुन्हा बर्फाचा पट्टा येणार म्हणतायत. नवरा आठवड्यातले बरेच दिवस रोचेस्टरला असतो आणि मला पहाटे हॉस्पिटलच्या शिफ्टला निघावं लागतं, त्यामुळे हे काम माझंच. ट्रॅक्टर लहान पडतोय का? की माझी पद्धत चुकतेय? स्नोब्लोअर (बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र) घ्यायचा तर ट्रॅक्टरच्या पुढे लागणारा की मागे?

मेतकूट

ताई, प्लाऊवाल्याला (गाडीला पातं लावून बर्फ काढणाऱ्याला) सीझनचं कंत्राट देऊन टाका की. पाठदुखीपेक्षा स्वस्त.

रानजाई

विचारलं. आमच्या भागात जे दोघं आहेत त्यांची यादी ऑक्टोबरातच भरते. आणि ते येणार त्यांच्या वेळेला, मला निघायचं असतं साडेपाचला.

नटबोल्ट

मी मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात आहे, सुपीरिअर सरोवराच्या काठी. तुमचं दुखणं ओळखीचं आहे. ट्रॅक्टर लहान नाही, त्याला दिलेलं काम चुकीचं आहे.

हिशोब करू. तीनशे गुणिले दहा गुणिले दोन फूट म्हणजे सहा हजार घनफूट. ताजा भुसभुशीत स्नो घनमीटरला शंभर किलोच्या आसपास धरला तर हे सतरा टन झालं. वाऱ्याने दाबलेला किंवा ओला असेल तर तिप्पट, म्हणजे पन्नास टन. तुमच्या बकेटमध्ये शीग लावून पाच-सहा घनफूट मावतं. म्हणजे एक हजार खेपा! बकेट हे ढीग हलवायचं हत्यार आहे, रस्ता उघडायचं नाही.

पात्याची अडचण वेगळी. पातं स्नो बाजूला सरकवतं, फेकत नाही. त्यामुळे प्रत्येक वादळानंतर दोन्ही कडा आत येत जातात आणि जानेवारीत दहा फुटांचा ड्राइव्हवे सात फुटांचा होतो. जिथे दोन वादळांच्या मध्ये वितळतं तिथे पातं पुरतं. तुमच्याकडे ते होणार नाही. ईरी सरोवर उथळ आहे, ते बऱ्याचदा गोठतं आणि मग बफेलोकडचा लेक इफेक्ट, म्हणजे सरोवराच्या वाफेतून पडणारा बर्फ, मंदावतो. ओंटारिओ खूप खोल, ते पूर्ण गोठणं विरळाच, म्हणून तुमच्याकडे पुरवठा मार्चपर्यंत चालू. फेब्रुवारी २००७ मध्ये तुमच्या जवळच्या रेडफील्डला दहा-बारा दिवसांत १४१ इंच पडला होता. तिथे सरकवून कुठे सरकवणार? उचलून लांब फेकणारं यंत्रच हवं. ब्लोअर घ्या.

आणि तो गवताचा डेक आजच्या आज काढा. या ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून जेमतेम सहा-सात इंच वर असतं, डेकमुळे तेही जातं. दोन फुटांत शिरलं की ट्रॅक्टर पोटावर बसतो, चाकं नुसती हवेत. फोर व्हील काय करणार?

सुभेदारकाका

फौजेत असताना द्रास भागात दोन हिवाळे काढले. बीआरओची (सीमा सडक संघटनेची) मंडळी झोजिला खिंड उघडताना स्नो कटर लावायची. तिथेही डोझरने ढकलायला जागा नसेल तर कापायचं आणि दरीत फेकायचं, हाच नियम. बेटा, एक सांगतो. पडून गेल्यावर नाही, पडत असताना काढायचा. रात्रभर बसलेला बर्फ सकाळी निराळाच माल असतो.

रानजाई

काका, पडत असताना म्हणजे रात्री दोनला उठून?

सुभेदारकाका

झोपायच्या आधी एकदा आणि निघायच्या आधी एकदा. फूटभर साठला की बाहेर. तुमच्या शिफ्टला तेही जड जाईल, कल्पना आहे.

अण्णा व्हरमाँटवाले

ब्लोअर घ्यालच, पण त्याच्या आधी दोन गोष्टी, कारण त्या नसतील तर ब्लोअर लावूनही तुम्ही चढावर घसरणारच.

पहिली, मागचं वजन. लोडर भरून उचललात की पुढचा आस टेकू बनतो आणि मागचं टोक वर येतं. आता लक्षात घ्या, या छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेकही गेले. उतारावर हे जिवावरचं आहे. म्हणून उतरताना फोर व्हील कायम लावून ठेवायची, म्हणजे हायड्रोस्टॅटिकची ओढ चारही चाकांना मिळते, आणि बकेट जमिनीलगत. मागच्या पात्याचं वजन पुरत नाही. लोडर वापरताना मागे किती वजन हवं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बॅलास्ट बॉक्स मिळतो, त्यात काँक्रीट भरा. शिवाय मागच्या टायरमध्ये द्रव भरून घ्या. इकडे बिटाचा रस भरतात, खरंच! जड असतो, गोठत नाही आणि रिम खात नाही. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पडतं पण ट्यूब नसेल तर रिम गंजवतं.

दुसरी, साखळ्या. आर-४ टायर बांधकामावरच्या मातीसाठी बनवलेले, कडक बर्फावर ते साबणावर ठेवल्यासारखे. मागच्या दोन चाकांना साखळ्या घातल्यात की तुम्हाला वाटेल ट्रॅक्टरच बदलला.

नटबोल्ट

+१ अण्णा. आता पुढचा की मागचा, यावर माझं मत: मागचा.

मागचा ब्लोअर थ्री-पॉइंटला, म्हणजे मागच्या तीन टोकांच्या जोडणीला लागतो आणि मागच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या शाफ्टवर फिरतो. दहा मिनिटांत चढवता-उतरवता येतो. पुढे तुमची बकेट तशीच राहते, ढीग ढकलायला. त्याचं स्वतःचं वजन मागे, म्हणजे अण्णांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. आणि मुख्य म्हणजे तुम्ही उलटे चालता, ब्लोअर आधी स्नोत शिरतो, चाकं नेहमी साफ केलेल्या जागेवर. पोटावर बसायचा प्रश्नच येत नाही.

उत्तरायण

नटबोल्टराव, मानेचं काय? तीनशे फूट मान वळवून रिव्हर्स जायचं, तेही पहाटे अंधारात, तोंडावर उडणारा स्नो झेलत. मी मिनेसोटात तीन हिवाळे तसं केलं आणि मग पुढचा घेतला. समोर बघून काम करता येतं, ही चैन नाही, गरज आहे. ताईंनी शिफ्टच्या आधी हे रोज करायचंय.

पुढच्याचे तोटेही सांगतो. मधल्या पीटीओवरून शाफ्ट आणि खाली वेगळी फ्रेम लागते, बहुतेक वेळा लोडर उतरवावा लागतो, किंमत मागच्यापेक्षा बरीच जास्त आणि मागे वजन लावावंच लागतं.

नटबोल्ट

मान दुखते हे मान्य. पण चढ, खोल स्नो आणि ढिगांसाठी लोडर हवाच, अशा जागी मी मागचाच सुचवेन. पैसे असतील तर केबिन करा, वाद मिटला.

रानजाई

केबिनला आत्ता पैसे नाहीत. :) मागचा बघते, जवळच्या डीलरकडे पन्नास इंची आहे म्हणतात. पण गुरुवारच्या आत मिळणार नाही. तोपर्यंत हातात आहे त्यावर काय करू? आणि खडीवर ब्लोअर चालतो का? खडी उडून खिडक्या फुटतील ही भीती आहे.

अण्णा व्हरमाँटवाले

गुरुवारपर्यंत: डेक काढा. घराजवळ, जिथे ट्रॅक्टर उभा आहे तिथून सुरुवात करून उताराच्या दिशेने काम करा, उतार तुमच्या बाजूने. बकेट पूर्ण भरायच्या फंदात पडू नका. खोल भागात आधी वरचा फूटभर थर बकेटने काढून बाजूला टाका, मग खालचा. एका दमात रुंदी नको, आधी गाडी जाईल एवढी एकच पट्टी उघडा. सगळा माल पूर्वेला, झाडांच्या बाजूला. पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, ढीग ठेवलात तर पुढचं वारं त्याच्या आडोशाला बरोबर तुमच्या ड्राइव्हवेवर स्नो आणून टाकेल.

वेगाने जाऊन बकेट आदळू नका. आत दडलेला दगड लागला तर लोडरचे हात वाकतात. बकेट पूर्ण खाली वळवून, जमिनीवर दाबून मागे ओढत नेणंही टाळा, सिलिंडरचे दांडे लांब बाहेर आलेले असतात, तेव्हाच वाकतात. जॉयस्टिक फ्लोटवर टाकून, म्हणजे बकेट जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे आपोआप वरखाली होईल, हलक्या हाताने.

खडीचं म्हणाल तर खालचे दोनेक इंच काढायचेच नाहीत. ते दाबले गेले आणि गोठले की तोच तुमचा फरशीचा थर. ब्लोअरच्या बाजूच्या घसरपट्ट्या त्या हिशोबाने खाली करून ठेवा आणि चूट, म्हणजे स्नो बाहेर फेकणारं नळकांडं, घर, गाड्या, माणसं यांच्याकडे कधीच नको. मधूनमधून दगड जाणारच, त्यासाठी शिअर बोल्ट असतात. ते तुटतात म्हणून गिअरबॉक्स वाचतो. योग्य ग्रेडचे जास्तीचे बोल्ट आणि पाना ट्रॅक्टरवरच ठेवा. घरात मिळाला म्हणून कडक बोल्ट घालू नका.

आणि चूट तुंबली, ओल्या स्नोत तुंबतेच, तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग काठीने साफ करा. हात आत नाही. यात सूट नाही.

पिंपळपान

वाचनखूण साठवली. मी फक्त ड्राइव्हवेच्या रस्त्याकडच्या टोकाबद्दल लिहिते, कारण त्याने मला जास्त रडवलंय. तुम्ही सगळं साफ करता आणि गावचा प्लाऊ येऊन तोंडाशी दगडासारखा बांध घालून जातो. उपाय: ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहा. प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. तर डाव्या हाताला, तोंडाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेची आठ-दहा फूट लांब जागा मोकळी करून ठेवा. प्लाऊच्या पात्यातला बराच माल तिथे पडतो, तुमच्या तोंडाशी कमी येतो. तुमचा स्वतःचा माल उजवीकडे. रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे ढकलायचा नाही, न्यूयॉर्कात ते बेकायदा आहे.

अवांतर: सेप्टिक टाकीचं पाणी मुरवणारे पाइप जिथे पुरलेत त्या जागेवरचा स्नो हलवू नका आणि त्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका. तो स्नो पांघरूण असतो, काढला की खालचे पाइप गोठतात. घराच्या भिंतीतून बाहेर येणारे हीटिंगचे व्हेंटही आधी मोकळे करा, ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

उत्तरायण

डिझेलकडे लक्ष आहे ना? उन्हाळ्यात भरलेलं टाकीत असेल तर उणे दहा सेल्सिअसच्या आसपास मेण धरायला लागतं आणि फिल्टर चोंदतो. हिवाळी डिझेल घ्या, अँटी-जेल (डिझेल घट्ट होऊ न देणारं द्रव) गोठायच्या आधी टाका, नंतर उपयोग नाही. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर असेल तर रात्री टायमरवर लावा.

आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, शेजाऱ्यांची परवानगी मिळाली तर, त्यांच्या शेतात स्नो फेन्स, म्हणजे वाऱ्याने येणारा स्नो अडवणारी जाळी, लावा. चार फुटी जाळी असेल तर ड्राइव्हवेपासून उंचीच्या पस्तीस पट, म्हणजे १४० फूट लांब. लोक अगदी कडेला लावतात आणि सगळा ढीग ड्राइव्हवेवरच पडतो.

रानजाई

किती मदत केलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. डेक काल काढला, फरक लगेच जाणवला. एक पट्टी उघडली आहे, गाडी रस्त्यापर्यंत जाते. ब्लोअरची ऑर्डर दिली. टायरमध्ये रस भरायला माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. शेजारी म्हणाले फेन्स खुशाल लावा, पण पेरणीच्या आधी काढा.

साखळ्या ऑनलाइन बघतेय. शिडीसारख्या आहेत आणि जाळीसारख्या चौकटीच्या आहेत. शिडीवाल्यात दोन कड्यांच्या अंतराच्या आणि चार कड्यांच्या अंतराच्या, असे प्रकार. कोणत्या?

अण्णा व्हरमाँटवाले

चढ आहे म्हणून चौकटीच्या. शिडीवाल्या पुढे-मागे छान पकडतात पण आडवं घसरणं रोखत नाहीत. बजेट नसेल तर दोन कड्यांच्या अंतराच्या शिडीवाल्या. चार कड्यांच्या आर-४ वर नकोत, आडव्या साखळ्या टायरच्या ठोकळ्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात आणि पकड मिळत नाही.

ऑर्डर देण्याआधी टायरची आतली बाजू आणि फेंडर, लोडरची फ्रेम यांच्यात किती जागा आहे ते मोजा. या आकाराच्या काही ट्रॅक्टरना साखळी घासते, मग व्हील स्पेसर लागतात. बोटं घालून अंदाज नको, टेपने मोजून आकडा इथे टाका.

रानजाई

संध्याकाळी मोजून टाकते.