वाचनालयाच्या खिडकीशी वाचकाने हात जोडून का उभं राहायचं?

जेटीवरचा
आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालय आहे. पुस्तकं बरी आहेत, पण कपाटांना कुलपं. खिडकीशी उभं राहून नाव सांगायचं, मग पुस्तक मिळतं. नाव ठाऊक नसेल तर "आधी ठरवून या". परवा नववीतली एक मुलगी समुद्री जिवांवर काही आहे का विचारत होती, तिलाही हेच ऐकवलं. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यात वाचकाचा वेळ वाचवा हे एक. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या तसबिरीला हार घालायचा आणि वर्षभर वाचकाला तिष्ठत ठेवायचं! कपाटं उघडी करा, सकाळीही दोन तास उघडा, पुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवर राखून ठेवा. याला काय पैसे लागतात?

कौलारू
लागतात. मी एका ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या अनुदान-वर्गातल्या, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. देवघेव, नोंदवह्या, वर्गणी, केर काढणं, सगळं एकाच माणसावर, आणि त्याचा पगार सांगितला तर इथे कुणी विश्वास ठेवणार नाही. अनुदान हप्त्याने येतं, ते येईपर्यंत पदाधिकारी खिशातून भागवतात. सकाळचे दोन तास म्हणजे त्याच पगारात आणखी दोन तास. हॉटेलातल्यासारखी तत्परता हवी, आणि महिन्याची वर्गणी एका वडापावाइतकी! उघड्या कपाटांचं म्हणाल तर जूनपासून इथे चपलेलाही बुरशी येते.

जेटीवरचा
पगाराचं मान्य. पण बुरशी हवा कोंडली की जास्त धरते. लोखंडी कपाट पावसाळाभर बंद ठेवून बघा, गणपतीत उघडल्यावर वासच सांगेल. आणि "आधी ठरवून या"ऐवजी "बस, बघून देतो" म्हणायला कुठलं अनुदान लागतं?

हातपाटी
माका कपाटाचा काय पडलेला नाय, वेळेचा बोला. संध्याकाळी पाचाक उघडतत, सातांक बंद. माझी शेवटची यष्टी साडेपाचाक. वाडीतल्या माणसान पुस्तक बदलूचा कधी? वाचनालय काय फक्त बाजारपेठेतल्या पेन्शनरांचा?

सड्यावरून
कौलारूंची बाजू घेतो, पण वेगळ्या कारणाने. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत. लोकांनी काढलेल्या संस्था आहेत, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्यांना मान्यता आणि अनुदान मिळतं, इतकंच. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. तेव्हा कुठला कायदा होता? चिपळूणच्या वाचनालयाने २००५ आणि २०२१ चे पूर सोसले. तिथे चिखलातून पुस्तकं काढणाऱ्यांना तुम्ही "सेवा सुधारा" म्हणणार? वेळ बदलायची तर वार्षिक सभेत ठराव मांडा. आमच्याकडे गणसंख्येअभावी सभा तहकूब करतात आणि अर्ध्या तासाने त्याच सहा जणांत उरकतात.

जेटीवरचा
पूर सोसला म्हणून नववीतल्या पोरीशी तुसडेपणाने वागायची मुभा मिळते का? आणि ज्याला खिडकीवरून परत पाठवलं तो सभेला कशाला येईल?

कौलारू
चाकरमान्यांचं कुणीच काढलं नाही. मे महिन्यात येतात, "दहा दिवसांसाठी द्या ना" म्हणून चांगल्या कादंबऱ्या नेतात. त्या थेट बोरिवलीला. फोन केला की "पुढच्या खेपेला आणतो". मग कुलपं लागतात.

बंदरवेस
बोरिवलीकर हजर! अनामत घ्या की. पुस्तकाच्या छापील किमतीइतकी, पावतीसकट. पुस्तक परत, पैसे परत. मी दर गणपतीला विचारतो, उत्तर ठरलेलं: "तशी पद्धत नाही." मुंबईत राहणारा तो चोर, असंच धरून चालता.

कौलारू
पंचवीस वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकावर किंमत साठ रुपये असते. साठ रुपये सोडून पुस्तक ठेवून घेणं कुणालाही परवडतं, आणि नवी प्रत बाजारात मिळत नाही.

सड्यावरून
मुळात पैशाचं काहीतरी करा. बांद्याच्या पलीकडे गोव्यात दारू-बियरवर ग्रंथालय उपकर आहे. कर्नाटकात मालमत्ता करासोबत घेतात. आपल्या कायद्यात असा कर नाहीच, म्हणून सगळी अनुदानाकडे डोळे लावून बसलेली.

हातपाटी
दारूवर कर लावलास तर आमच्या वाडीतसून वाचनालयाक दोन माळे चढतीत. पण तवसर आठवड्यातसून एक दिवस, बाजाराच्या वारी, सकाळी उघडा. त्या दिवशी संध्याकाळी बंद ठेवा. माणूस तोच, तास तेच, पगार तोच. ह्याक काय हरकत, कौलारूनू?

कौलारू
हरकत नाही. ग्रंथपालांना विचारून पुढच्या बैठकीत ठेवतो. कपाटांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.