मुलगी घरच्यांआधी प्रशिक्षकांना सगळे सांगते. पालकांनी काय करावे?

प्रश्न : धावपटूची आई, ठाणे

माझी तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून चारशे मीटर धावण्याचा सराव करते. मागच्या महिन्यात तिची नडगी दुखू लागली, ते तिने प्रथम सरांना सांगितले आणि आम्हाला मात्र चार दिवसांनी सरांचा फोन आल्यावर कळले. सरांनी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवायला सांगितले, शिवाय सहामाहीचे गुणही विचारले. त्यांच्याबद्दल आदर वाटतो, पण तिच्या आयुष्यात आमची जागा ते घेत आहेत की काय, या विचाराने मन अस्वस्थ होते. आपण किती अंतर राखावे?

उत्तर : निवृत्त खो-खो प्रशिक्षक, कळवा

ताई, मुले दुखणे सर्वांत आधी प्रशिक्षकापासूनच लपवतात, कारण संघातून वगळण्याचा अधिकार त्याच्याच हाती असतो. माझ्या एका खेळाडूने स्पर्धा चुकेल या धास्तीने सुजलेला घोटा पट्टीखाली झाकून ठेवला होता आणि तो माझ्या लक्षात आला नाही, याची खंत मला आजही आहे. वाढीच्या वयात नडगीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करून धावत राहिल्यास हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. तुमच्या मुलीला सरांना सांगण्याची भीती वाटली नाही, हे त्यांनी दोन वर्षांत कमावलेले आहे. मात्र त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवे होते; हे त्यांना स्पष्टपणे सांगा.

उत्तर : क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचे वडील, नेरूळ

पालघरहून बोरिवलीपर्यंतचा लोकलचा प्रवास वाचावा म्हणून क्रिकेट प्रशिक्षक दिनेश लाड यांनी पुढे भारताकडून खेळलेल्या शार्दुल ठाकूर यांना शाळकरी वयात स्वतःच्या घरी ठेवून घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना दुसऱ्या आईच्या जागी मानतात, आणि देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या असल्याने त्या पातळीवरचा ताण त्यांनी अनुभवलेला आहे. ही जवळीक आईवडिलांची जागा घेत नाही. जी गोष्ट आपण खेळलोच नाही, तिच्यातली भीती समजून घेणारे माणूस मुलाला मिळते, एवढेच.

उत्तर : माजी जलतरणपटू, वाशी

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. मी चौदा वर्षांची असताना आमचे एक प्रशिक्षक रात्री उशिरा फोन करत आणि ‘हे घरी सांगू नकोस’ असे बजावत. मीही ते काळजीपोटीच आहे असे समजून बरेच महिने गप्प राहिले. त्यामुळे मुलगी सरांशी किती बोलते हे मोजत बसू नका. त्यातले काही घरी न सांगण्याची अट तिच्यावर आहे का, हे शांतपणे विचारा. संदेश पालकांचाही समावेश असलेल्या गटातच यावेत आणि बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत महिला प्रशिक्षक किंवा एखादी पालक असावी, अशी मागणी करण्यात संकोच नको. मासिक पाळीत सराव कमी करायचा असल्यास ती कोणाला सांगते, हेही विचारून पाहा.

धावपटूची आई, ठाणे

पाळीबद्दल विचारले. ती सरांना सांगत नाही आणि त्या दिवसांतही पूर्ण सराव करते, हे मला आजच कळले. शनिवारी मैदानावर जाऊन सरांशी बोलणार आहे. तीही सोबत असेल.