तुरुंगातला हिपॅटायटिस: गोळ्या पटतात, पण सुया?

उंबरठा:
"कैद्यांना कसली औषधं वाटताय, भोगू देत की!" परवा एका ओळखीच्यांकडे हे ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

हिपॅटायटिस बी आणि सी म्हणजे यकृताला सूज आणणारे विषाणूजन्य आजार. ते रक्तातून पसरतात, आणि तुरुंगात रक्ताशी संबंध येतो तो चोरून. नशेची एकच सुई अनेक दंडांत फिरते. टॅटूचं यंत्र म्हणजे जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर, गिटारची तार, बॉलपेनची नळी, शाई काजळीची. झडतीच्या धास्तीत ते उकळत कोण बसणार? बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही तग धरतो.

माझं म्हणणं: आत येणाऱ्या प्रत्येकाला तपासणी देऊ करा (सक्ती नको), बीची लस टोचा, सी निघाला तर गोळ्या द्या आणि निर्जंतुक सुयाही द्या. या आता भांडायला.

खडूसराव:
आलो. कर भरणारा बाहेर औषधासाठी रांगेत आणि याला कोठडीत घरपोच? वर सुया! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

उंबरठा:
बाहेरच्यालाही मिळायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण कैदी सुटून घरीच जातो ना? सी वर्षानुवर्षं गप्प बसतो, बहुतेकांना कावीळही दिसत नाही. कळतं तेव्हा अनेकदा यकृत आक्रसलेलं (सिरोसिस) असतं. उलट 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतला 24 वा नियमही सांगतो, बाहेर मिळतात तेच उपचार आत मिळावेत. न्यायाधीशाने तीन वर्षं सुनावली, सिरोसिस नव्हता सुनावला.

खडूसराव:
बरं, गोळ्यांचं अर्धं मान्य. पण सी बरा झालेल्याला पुन्हा होतो, त्यावर लसही नाही. पुन्हा तीच सुई, पुन्हा गोळ्या. रांजणाला भोक आणि आपण पाणी भरतोय.

उंबरठा:
भोक बुजवायलाच तर सुया म्हणतोय! ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या चार तुरुंगांत गोळ्या सढळ हाताने दिल्या, तेव्हा नव्या लागणीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. सुया तिथे वाटल्या नव्हत्या. म्हणजे नुसत्या गोळ्यांनीही भोक अर्धं बुजलं, उरलेल्या अर्ध्यासाठी सुया.

रातपाळी:
अठरा वर्षं पहाऱ्यावर काढली, म्हणून बोलतो. गादीच्या शिवणीत हात घालून झडती तुमच्यापैकी कोणी घेतलीय का? एकदा माझ्या बोटात तार घुसली. बीची लस झाली होती, सीचा निकाल स्पष्ट होईपर्यंत कित्येक आठवडे घरी पोराची नखंसुद्धा कापली नाहीत. 1990 मध्ये सिडनीच्या लाँग बे तुरुंगात कैद्याने एका पहारेकऱ्याला एचआयव्हीबाधित रक्ताची सुई भोसकली, 1997 मध्ये तो गेला. सुया वाटण्याआधी आमच्या हातांचं बघा.

उंबरठा:
रातपाळीदादा, हे मी विसरणार नाही. पण ती तार काय किंवा ती सुई काय, चोरूनच आत आली होती ना? स्वित्झर्लंडने 1992 मध्ये तुरुंगात सुया द्यायला सुरुवात केली, नंतर स्पेननेही. अशा योजनांच्या मूल्यमापनांत या सुया हल्ल्याला वापरल्याचं आढळलं नाही. काही ठिकाणी सुई कडक डबीत, ठरलेल्या जागी ठेवावी लागते, म्हणजे झडती घेणाऱ्याला आधीच ठाऊक.

खडूसराव:
कैदी नियम पाळेल यावर तुमचा भलताच विश्वास बुवा.

रातपाळी:
डबीचं पटतंय थोडं. पण डबीत एक आणि शिवणीत दुसरी असली तर? ती भीती जात नाही.

आणि सुयांवर भांडताना न्हावी राहूनच गेला. आमच्या बराकीत एका पात्यावर चाळीस दाढ्या व्हायच्या. ते पातं कुणी चोरून आणलेलं नव्हतं, सरकारी होतं.