जूनमध्ये टोफिनोजवळ तंबूत राहायचंय, मुलं आणि सासूबाई सोबत, आणि पाऊस दाखवतोय. जावं का?

अनघा_बर्नबी
नमस्कार मंडळी, शाळा सुटली की लगेच कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हँकूव्हर आयलंडवर ग्रीन पॉइंट कॅम्पग्राउंडला तीन रात्री कॅम्पिंग ठरवलंय, साइट आणि फेरी दोन्ही बुक आहे. आम्ही दोघं, मुलगी दहाची, मुलगा सहाचा, आणि चिपळूणहून आलेल्या सासूबाई, वय ६८, चालायला ठणठणीत फक्त गुडघा जिने चढताना कुरकुरतो. आता फोरकास्टला जवळजवळ रोजच पाऊस. नवरा म्हणतो कॅन्सल करू, पण सीझनमध्ये परत तिथे साइट मिळणं कठीण आहे. सासूबाई म्हणतात पावसाला काय घाबरायचं, आपण कोकणातली माणसं. मला पावसाचं काही नाही, रात्री तंबू गळला आणि पोरगं कुडकुडायला लागलं तर काय करायचं एवढंच सांगा. तंबू चांगला आहे पण पावसात कधी लावलेला नाही.

नानायमोकर
जा. तिथे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, पण त्यातला बराच मोठा भाग ऑक्टोबर ते मार्चमध्ये. जूनमधला पाऊस त्या मानाने काहीच नाही, मध्ये मध्ये चांगली उघडीप मिळते. (शेजारच्या युक्लुलेटजवळ ६ ऑक्टोबर १९६७ ला एका दिवसात ४८९ मिमी पडला होता, कॅनडाचा एका दिवसाचा रेकॉर्ड आहे तो, म्हणजे ढग काय ताकदीचे येतात बघा.)

फक्त सासूबाईंना एक गोष्ट नीट समजावून सांगा. चिपळूणच्या पावसात माणूस भिजला तरी हवा चोवीस-पंचवीस डिग्री असते, कपडे अंगावर वाळले तरी चालतं. इथे जूनमध्येही रात्री पारा नऊ-दहापर्यंत उतरतो आणि समुद्रावरून वारा असतो, अशा हवेत ओला कॉटनचा कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून जीन्स, कॉटनचे टीशर्ट, सुती साडी सगळं घरी ठेवा. आत लोकर किंवा फ्लीस, वरून रेनकोट-रेनपँट, पायात गमबूट. आणि प्रत्येकाचा झोपायचा एक जोड, मोज्यांसकट, वेगळ्या वॉटरप्रूफ पिशवीत, तो दिवसा काहीही झालं तरी बाहेर काढायचा नाही. हा एक नियम पाळलात तर मुलाला रात्री थंडी वाजणार नाही.

पोचल्यावर आधी मोठा टार्प (ताडपत्री) बांधा, तंबू नंतर, म्हणजे बाकी सगळं कोरड्यात होतं. टार्पला एका बाजूला उतार द्या नाहीतर मध्ये पाण्याचा फुगा होतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. तंबूखालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर येता कामा नये, आलं तर वरून ओघळणारं पाणी त्यावर जमून थेट तुमच्या पाठीखाली, बहुतेक वेळा लोक तंबू गळतो म्हणतात ते हेच असतं. जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, पाच जणांच्या श्वासानेच आतून पाणी धरतं. गाद्यांकडे स्लीपिंग बॅगपेक्षा जास्त लक्ष द्या, थंडी खालून येते. आणि या वीकेंडला बॅकयार्डात नाहीतर एखाद्या पार्कात तंबू लावून वर चार बादल्या पाणी ओतून बघा.

रानवेडी_मेधा
मी तर म्हणेन पाऊस असेल तर नक्कीच जा, ते रान पावसातच बघावं! रेड सीडर, हेमलॉक, सिट्का स्प्रूस, सगळं शेवाळाने मढलेलं, पडलेल्या जुन्या खोडावर ओळीने नवी झाडं उगवलेली असतात आणि मुळं खोडाला कवेत घेऊन खाली उतरलेली, मुलांना ते जरूर दाखवा. पाऊस पडला की बोटाएवढ्या जाड पिवळट गोगलगायी निघतात, बनाना स्लग, माझी मुलं त्या शोधण्यात भिजल्याचं विसरून जातात. रेनफॉरेस्ट ट्रेल सुंदर आहे पण पायऱ्या खूप, सासूबाईंच्या गुडघ्याला शोअरपाइन बॉग ट्रेल बरी, जेमतेम ८०० मीटर, सपाट लाकडी वाट. तिथली माणसाच्या उंचीची खुरटी पाइनची झाडं शेकडो वर्षांची असू शकतात, दलदलीत अन्नच मिळत नाही म्हणून वाढ नाही.

जेवणाचं सांगते. पावसात फोडण्या घालत बसू नका. मुगाची खिचडी, मेतकूट-भात-तूप, पिठलं, भाजणी मळून नेलीत तर थालीपीठ. सुकट-बोंबील अजिबात नको, तिथे काळी अस्वलं, लांडगे, कूगर सगळं आहे, म्हणून साइटवर खाणं, कूलर, भांडी, टूथपेस्टसुद्धा सोडायची नाही, झोपताना सगळं गाडीत बंद. स्टोव्ह तंबूत कधीही पेटवू नका, कितीही पाऊस असला तरी, त्यातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) वासाने कळत नाही.

सदानंद_व्हिक्टोरिया
माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना काही होणार नाही, पण ६८ वर्षांच्या बाईंना तीन रात्री जमिनीवर झोपवणं आणि रात्री पावसात टॉर्च घेऊन बाथरूमला नेणं याचा विचार करा. युक्लुलेटला एक रात्र खोली घ्या, मधली. गरम अंघोळ होते, ओले कपडे वाळतात, तंबू उभाच राहू द्या, फक्त खाण्याचं काही तिथे ठेवू नका.

आणि पावसापेक्षा समुद्र सांभाळा. लाँग बीचवर मोठे ओंडके पडलेले असतात, मुलं धावत जाऊन चढतात. भरतीच्या लाटेने ओंडका हलला की त्याखाली माणूस सापडतो, म्हणून लाटा ओंडक्यांपर्यंत पोचत असतील तर तिथे खेळणं बंद. भरती-ओहोटीची वेळ रोज सकाळी बघा. जमीन बराच वेळ हलली तर सायरनची वाट न बघता वर चढायचं हेही मुलांना सांगून ठेवा, १९६४ च्या अलास्काच्या भूकंपाची त्सुनामी पार पोर्ट अल्बर्नीपर्यंत आत आली होती. कॅम्पग्राउंड उंचावर आहे, बीच नाही.

अनघा_बर्नबी
सगळ्यांचे मनापासून आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं, जायचं पक्कं. मधल्या रात्रीची खोली बघते, हे मला सुचलंच नव्हतं. फेरी हॉर्सशू बेहून दुपारी तीनची आहे, उशीर होईल का?

नानायमोकर
होईल, सकाळची मिळाली तर बदलून घ्या. फेरी पावणेदोन तास, मग डिपार्चर बेहून (नानायमोचा फेरी धक्का) तीन तास गाडी, त्यात मुलं कॅथीड्रल ग्रोव्हला थांबा म्हणणारच आणि थांबायलाच हवं, आठशे वर्षांचे डग्लस फर आहेत. तिथे हायवे ओलांडताना मुलांचा हात सोडू नका. पेट्रोल पोर्ट अल्बर्नीत भरा, पुढे बराच वेळ पंपही नाही आणि फोनला रेंजही नाही, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून किडे पसरतात, तिथेच विकत घ्या. आणि टार्पच्या दोऱ्या जास्तीच्या घ्या, त्या नेहमी कमी पडतात.