चार नगरसेवक, एक चेंबर: सांगायचं कुणाला?

आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर चार दिवस तुंबलंय. झाकणात कुणीतरी बाभळीची फांदी खोचून ठेवलीय. शेजारच्या आजी विटांवर पाय टाकत दूध आणतात. प्रभागात नगरसेवक चार. एकाला फोन केला, तर म्हणे, "ती बाजू ताई बघतात." ताईंचा फोन त्यांचे मिस्टर उचलतात!

— मुंबईत प्रभागाला एकच नगरसेवक, तिथे हा घोळ नाही. बाकी बहुतेक महापालिकांत चारचं पॅनल. पण प्रभागाचे आतून तुकडे नसतात, चौघंही तुमचेच. बाजू वगैरे त्यांची आपसातली वाटणी.

— आधी क्षेत्रीय कार्यालयात तक्रार टाका, तक्रारीचा नंबर चौघांना एकत्र पाठवा. २०२२ नंतर प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते, तेव्हाही आम्ही आधी तक्रारीचा नंबरच घ्यायचो. नुसतं "बघा जरा साहेब" म्हटलं की ते बघतच बसतात.

— मिस्टरांनाच सांगा हो. आमच्याकडे तेच लवकर येतात. 😄

(प्रश्नकर्ता) नंबर टाकला. संध्याकाळी पाण्याच्या जोरावर तुंबलेलं मोकळं करणारी जेटिंगची गाडी आली. चेंबरमधून निघाली एक गोधडी. फोटो चौघांच्याही स्टेटसला आहे.