मदत हवी आहे : माइनक्राफ्ट सर्व्हर घरात चालतो, बाहेरून 'कनेक्शन टाइम्ड आउट'

रानवाट
जाणकारांनी मदत करावी. माइनक्राफ्ट जावा एडिशन १.२१ चा मूळ सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर टाकलाय. उबुंटू, ८ जीबी रॅम, जावा २१, एक्सएमएक्स (जावाला मिळणारी कमाल मेमरी) ७ जीबी. युला (वापराच्या अटी) फाइलमध्ये ट्रू केलंय, कन्सोलवर 'डन' येतं. घरच्या वायफायवरून १९२.१६८.१.२० टाकलं की लगेच आत जाता येतं. राउटरवर २५५६५ पोर्ट (सर्व्हरचा जोडणी क्रमांक) त्याच पत्त्याकडे वळवलाय, फायरवॉलमध्येही उघडलाय. तरी बाहेरच्या मित्रांना टाइम्ड आउट. दुसरं म्हणजे, घरातले तिघं तीन दिशांना पांगले की 'कान्ट कीप अप' (सर्व्हर मागे पडतोय) असं येत राहतं आणि फोडलेला ठोकळा क्षणभराने परत जागेवर दिसतो.

तांबडमाती
'रिफ्यूज्ड' आलं असतं तर बहुधा मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, असा अर्थ झाला असता. टाइम्ड आउट म्हणजे विनंती वाटेतच गडप होतेय. आधी एवढं बघा :

फॉरवर्डिंग (पोर्ट वळवणं) टीसीपी प्रकारच्या जोडणीचं आहे ना? यूडीपी १९१३२ हा बेडरॉक या दुसऱ्या एडिशनचा पोर्ट, तो इथे कामाचा नाही.

सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हर-आयपी रिकामा ठेवा. तिथे पब्लिक आयपी लिहिला तर 'फेल्ड टू बाइंड टू पोर्ट' येऊन सर्व्हर सुरूच होत नाही.

राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर पत्ता बदलतो आणि फॉरवर्डिंग भलतीकडेच जातं.

मुख्य म्हणजे राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आयपी जुळतो का ते कळवा. चाचणी मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून स्वतःचाच पब्लिक आयपी बऱ्याच राउटरवर लागत नाही.

रानवाट
राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे. साइटवर वेगळाच.

पडवी
मग दोष तुमच्या सेटिंगचा नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटचा, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. बाहेरून आलेली विनंती नेमकी कुणाकडे धाडायची याची नोंद तिच्याकडे नसते, म्हणून ती तिथेच थांबते. तुमच्या राउटरपर्यंत काही पोचतच नाही, मग पोर्ट उघडून काय उपयोग!

कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी मागा, त्याचे बहुतेक वेगळे पैसे पडतात. तोवर टेलस्केल किंवा झीरोटियर (दूरची मशीनं एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारी सॉफ्टवेअर) लावा. मित्रांनाही ते टाकावं लागेल, पण पोर्ट जगासमोर उघडा राहत नाही. मोजक्या ओळखीच्यांसाठी मी हेच सुचवेन. टेलस्केलचे पत्तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात, ते पाहून गोंधळू नका. मित्रांना काही टाकायचं नसेल तर प्लेइट सारखा टनेल (मधल्या सर्व्हरमार्गे वाट) आहे, पण वाट लांबते आणि पिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) वाढतो.

तांबडमाती
आता अडखळण्याबद्दल. ८ जीबीपैकी ७ जावाला दिलेत, सिस्टीमला उरलं काय? ती स्वॅपवर, म्हणजे डिस्कवरच्या संथ मेमरीवर जाते. एक्सएमएस (सुरुवातीची मेमरी) आणि एक्सएमएक्स दोन्ही ४ जीबी करा.

सर्व्हरला सेकंदाला २० टिक (खेळ पुढे सरकण्याचे ठोके), म्हणजे प्रत्येक टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. व्ह्यू-डिस्टन्स (किती दूरचं दिसतं) १० असेल तर एका खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे). ६ केलं की १६९. तिघं एकत्र असले तर हे चंक सामाईक, पांगले की तिप्पट. व्ह्यू ६ आणि सिम्युलेशन (किती दूरपर्यंत जग चालू राहतं) ५ ठेवून बघा. नवा मुलूख तयार करणं सगळ्यात जड, त्यामुळे मूळ सर्व्हरऐवजी पेपर हा वेगवान पर्यायी सर्व्हर घ्या आणि चंकी प्लगिनने मध्याभोवती २००० ब्लॉकपर्यंतचा नकाशा रात्रीतून तयार करून ठेवा. पेपरवर जाण्याआधी वर्ल्ड फोल्डरची प्रत काढा.

रानवाट
टेलस्केलवरून नागपूरचा मित्र आत आला! व्ह्यू ६ केल्यावर इशाराही थांबला. मनापासून आभार.

पडवी
छान. आता व्हाइट-लिस्ट (फक्त यादीतल्यांना प्रवेश) ट्रू करा. ऑनलाइन-मोड (खातं खरं आहे का याची तपासणी) फॉल्स करू नका, तसं केलं तर कुणीही ऑपचं (सर्व्हरवर जादा अधिकार असलेल्याचं) नाव लावून आत येऊ शकतो. चालू सर्व्हरची प्रत काढताना आधी 'सेव्ह-ऑफ', मग 'सेव्ह-ऑल फ्लश', कॉपी झाली की 'सेव्ह-ऑन'. यातली शेवटची आज्ञा विसरलात तर पुढचा खेळ आपोआप सेव्ह होणार नाही. बंद करताना खिडकी मिटू नका, कन्सोलवर 'स्टॉप' लिहा.