सायकलिंगच्या कॅलरी: ॲप म्हणतं ९३६, घड्याळ म्हणतं ६१०, धरायचं काय?

निवांतपेडल:
नमस्कार मंडळी. गेले चार महिने आठवड्यातून चार दिवस सकाळी सायकल चालवतोय, एकूण ७० एक राइड झाल्या असतील. वजन ७८ किलो, साधी हायब्रिड सायकल, सपाट रस्ता, ३० किमी दीड तासात, म्हणजे सरासरी ताशी २० पडतात. आता घोळ असा झालाय की एकाच राइडच्या फोनवरचं ॲप ९३६ कॅलरी दाखवतं आणि मनगटावरचं घड्याळ ६१०. सव्वातीनशेचा फरक आहे हो, एक जेवण झालं की ते! मी रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खायचं ठरवलं होतं आणि राइडच्या दिवशी ॲप जेवढं सांगेल तेवढं वर खायचं, त्या हिशोबाने आत्तापर्यंत सहा किलो तरी उतरायला हवं होतं पण उतरलंय फक्त दोन. खूप मनापासून करतोय म्हणून जास्त लागतंय मनाला.
अजून एक, सुरुवातीला हेच घड्याळ याच रस्त्याच्या, एवढ्याच वेळेच्या ७२० कॅलरी दाखवायचं आता ६१० वर आलंय. शरीराला सवय झाली की जळणं कमी होतं असं एकजण म्हणाला, खरंय का?

हिशोबवही:
तुमच्या ॲपचा आकडा कुठून आला ते लगेच कळतंय, ८ गुणिले ७८ गुणिले दीड करून बघा, बरोब्बर ९३६ येतात. ही मेटची पद्धत. १ मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते तेवढी ऊर्जा, साधारण दर किलोला तासाला १ कॅलरी (आपण रोज जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी). कंपेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज नावाचा तक्ता १९९३ पासून आहे, त्यात ताशी साधारण १९ ते २२ किमी सायकलिंगला ८ मेट दिलेत, ॲपने तेच उचललं.
तक्ता वाईट नाहीये पण तो एका माणसाची एक राइड मोजायला केलेलाच नाही, मोठ्या पाहण्यांमधे लोकांची हालचाल एकाच मापाने नोंदवता यावी म्हणून केलाय. वारा मागून होता का समोरून, टायरमधे हवा किती, वाटेत उतार किती मिळाला, यातलं त्याला काहीच माहीत नाही. आणि पुढच्या गटाला, म्हणजे साडेबावीसच्या वर, एकदम १० मेट. म्हणजे तुम्ही २२ ने गेलात तर ८ आणि २३ ने गेलात तर १०, शरीर असं पायऱ्यापायऱ्यांनी थोडंच चालतं!
शिवाय त्या ९३६ मधे तुम्ही त्या दीड तासात नुसते बसून राहिला असतात तरी लागल्या असत्या अशा ११७ कॅलरी धरलेल्या आहेत. तुमच्या रोजच्या गरजेत त्या आधीच मोजल्यात, त्यामुळे त्या दोनदा खाल्ल्या जातायत.

वॉटवाली:
हिशोबवहींच्या मुद्द्यात एक भर घालते कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. मेटमधे सगळं वजनाने गुणतात, पण सपाट रस्त्यावर सायकलला मुख्य विरोध हवेचा असतो आणि तो तुमच्या वजनावर नाही तर समोरून किती जागा अडवता आणि किती स्पीडने जाता त्यावर ठरतो. ७८ किलोचा माणूस ५२ किलोच्या माणसापेक्षा दीडपट वजनदार असला तरी सपाटीवर दीडपट काम करत नाही. चढावर मात्र वजन पूर्ण मोजलं जातं.
तुमच्या राइडचा ढोबळ हिशोब करून बघितला. हायब्रिडवर सरळ बसून ताशी २० ला हवेसाठी साधारण ४५ वॉट, टायर आणि रस्त्यासाठी ४० च्या आसपास, चेनमधे थोडे जातात, मिळून ९० वॉट धरा. ९० वॉट दीड तास म्हणजे साधारण ४९० किलोज्यूल काम पेडलवर झालं. आता शरीर जाळतं त्यातलं २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचतं, बाकीची उष्णता होते. १ कॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळे चारने भागायचं आणि मग जवळजवळ चारनेच गुणायचं, म्हणून पॉवर मीटरवाले (पेडलवर किती वॉट पडतात ते मोजणारं यंत्र सायकलला लावणारे) सरळ जितके किलोज्यूल तितक्या कॅलरी असं धरतात. तुमच्या बाबतीत ४७० ते ५९० च्या मधे कुठेतरी, यात बसून लागणाऱ्या ११७ पण आल्या. सिग्नलला थांबून परत स्पीड घेण्याचं फार मनावर घेऊ नका, ३० वेळा थांबलात तरी ४०-५० कॅलरीच वाढतात.
स्पीड मात्र फार फरक पाडतो. हवेसाठी लागणारे वॉट स्पीडच्या घनाने वाढतात, २० चे २५ केलेत की ते थेट दुप्पट होतात.

नाडीपरीक्षा:
घड्याळाबद्दल मी सांगतो. ते नाडीवरून अंदाज बांधतं आणि नाडी फक्त मेहनतीने वाढत नाही. ऊन, कमी पाणी, अपुरी झोप, कॉफी, मागून हॉर्न वाजवत येणारा ट्रक, सगळ्याने वाढते. लांब राइडमधे तर वॉट तेवढेच असून नाडी हळूहळू वर सरकत जाते. त्यात हँडल घट्ट धरलं, मनगट वाकलेलं असलं, रस्त्याचे हादरे बसले की मनगटावरचा सेन्सर नाडीच चुकीची वाचतो, छातीचा पट्टा या बाबतीत खूप बरा.
आणि नाडी नीट वाचली तरी पुढे कॅलरी काढताना गडबड होतेच. २०१७ मधे स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती, नाडी बहुतेकांची ५ टक्क्यांच्या आत बरोबर आली पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं.
तुमचं ७२० चं ६१० झालं ते कॅलरी कमी जळतात म्हणून नाही. रस्ता तोच, स्पीड तोच, हवा तीच, म्हणजे काम तेवढंच आणि जळणंही जवळजवळ तेवढंच. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागलंय म्हणून नाडी खाली आली आणि घड्याळाला वाटतंय की मेहनत कमी झाली. ही तुमची चार महिन्यांची कमाई आहे, आनंद माना!

निवांतपेडल:
मनापासून आभार सगळ्यांचे, नाडीचं वाचून खरंच बरं वाटलं, मी उगाच घाबरत होतो. एक उलटा हिशोब करून बघितला, चुकला असेल तर सांगा. चार किलो कमी उतरलं, किलोला साधारण ७७०० धरले तर ३०,८०० कॅलरी, भागिले ७० राइड म्हणजे दर राइडला ४४० जास्त खाल्ल्या. ९३६ मधून त्या काढल्या तर उरतात ४९६.

वॉटवाली:
हिशोब बरोबर आहे. शरीरातलं पाणी वरखाली होतं, खाण्याच्या नोंदीही चुकतात, त्यामुळे ४९६ ला दगडावरची रेघ समजू नका. तुमच्या ४९६ मधे बसून लागणाऱ्या ११७ धरलेल्या नाहीत, कारण त्या रोजच्या गरजेत आहेत, आणि माझ्या ४७० ते ५९० मधून त्या काढल्या तर साधारण ३५० ते ४७० उरतात. म्हणजे दोन अगदी वेगळ्या वाटांनी आपण जवळपासच पोचलो, मला तरी हे पुरेसं वाटतं. राइडमागे ४०० धरा, महिनाभर तेवढंच वर खा आणि वजन रोज एकाच वेळी घेऊन आठवड्याची सरासरी बघा.

निवांतपेडल:
चालेल, उद्यापासून ४०० च. पुढच्या रविवारी एक घाट करायचा विचार आहे, ३०० मीटर चढ आहे, त्याचं कसं धरू?

हिशोबवही:
ते सगळ्यात सोपं. तुम्ही आणि सायकल मिळून ९३ किलो धरा, गुणिले ९.८१ गुणिले ३०० म्हणजे साधारण २७४ किलोज्यूल, तेवढ्याच कॅलरी चढाच्या म्हणून धरा. चढावर स्पीड ८-१० वर येतो तेव्हा हवेचा भाग अगदी किरकोळ राहतो. सपाट भागाचं वेगळं काढून त्यात मिळवा आणि उतरताना पेडल मारलं नाही तर तिथलं काही धरू नका.